बोरमाळ विमानतळाचं बुधवारचं पान

१

बोरमाळ विमानतळावर बुधवारी दुपारी विमान आलं, ही तिथल्या शिरस्त्याला सोडून झालेली गोष्ट होती. उदगीरहून लातूरकडे जाताना डाव्या हाताला लागणाऱ्या त्या धावपट्टीवर सात महिन्यांत काहीच उतरलं नव्हतं. कर्मचारी अकरा, सौर पाट्या चारशे, मोर दोन. मोर अधूनमधून उडायचे, पण त्यांची नोंद होत नसे.

विमानाने माळावर दोन घिरट्या घातल्या आणि ते आलं तसं हैदराबादला परत गेलं. फाटकाबाहेर रुग्णवाहिका उभी होती. तिच्यात पार्वतीबाई होत्या. उदगीरच्या एका वसतिगृहात त्यांनी तीस वर्षं पोरांना रांधून वाढलं होतं, आणि आता त्यांच्या हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी फाटत चालली होती. त्यांना रस्त्याने न्यावं लागलं. झहीराबादच्या अलीकडेच त्या गेल्या.

चौकशीला नांदेडच्या कचेरीतून प्रियदर्शनी सोनकांबळे आली. लहान विमानतळ सरकारी अटी पाळतात की नाही, हे तपासणं तिचं काम. अटी दोन. जुनी अट लोकसेवेची. भूकंपात मदतीची विमानं उतरवायला जागा सापडेना, म्हणून पुढे ही धावपट्टी झाली, आणि ती चालवायला घेणाऱ्या कंपनीने लिहून दिलं की रुग्णाचं विमान अर्धा तास आधी कळवून आलं तर उतरू देऊ, सबब सांगणार नाही. नवी अट धुराची. महिन्याला कार्बनची मर्यादा ठरलेली, ती ओलांडायची नाही. बोरमाळने ही नवी अट इतकी मनावर घेतली होती, की विमानं येत नसल्याचं हरित प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं.

कंपनीचं पत्र चार ओळींचं होतं. रुग्णाच्या मुलीचा फोन चार चाळीसला आला, विमान चार अठ्ठेचाळीसला. आठ मिनिटांत अग्निशमनाची तयारी होत नाही. क्षमस्व.

प्रियदर्शनी आधी त्या मुलीकडे गेली. महानंदा दारातच बसली होती. तिने पत्र वाचलं होतं, बहुतेक बऱ्याच वेळा. घडीवर ते फाटायला आलं होतं.

"डाक्टर चार वाजता म्हणले, इमान निघालंय, तुमी बोरमाळला कळवा. माझा मोबाइल बंद पडलेला. दवाखान्याच्या फोनवरून कळवलं," ती म्हणाली.

"किती वाजता?"

"तेच तर सांगता येईना मॅडम. आई म्हणली, इमानात बसायचं तर इरकल नेसूनच बसते. जुनेर नेसून न्हाई येत. मी नेसवत बसले. तवर फोन केला न्हाई." महानंदाने पत्र उलटं केलं. मागे काही नव्हतं. "मला वाटलं धा मिनटं लागली आसतील. हे म्हणायलेत चाळीस. चाळीस मिनटं मी साडीच नेसवत व्हते का?"

टेलिफोन खात्याकडून नोंद मागवली होती. ती तीन आठवड्यांत येणार होती, म्हणजे दोन महिन्यांत.

"विमानतळाच्या रजिस्टरात वेळ असेल," प्रियदर्शनी म्हणाली.

रजिस्टरात वेळ नव्हती. त्या बुधवारचं पानच नव्हतं.

२

पान फाडलेलं होतं, आणि फाडणाऱ्याने ते पट्टी लावून नीट फाडलं होतं. गुन्हेगार इतका टापटिपीचा असावा याचं प्रियदर्शनीला नवल वाटलं. तिने मागची पानं चाळली तर आदल्या बुधवारचंही पान गायब. त्याच्याही आदल्या बुधवारचं. असे सलग पाच बुधवार.

एका दिवसाचं पाप लपवायला कोणी पाच दिवसांची पानं फाडत नाही. त्यातले चार दिवस तर इथे काहीही घडलेलं नव्हतं.

तिने जबाब घ्यायला सुरुवात केली. पहिला रेडिओ सांभाळणारा धम्मदीप. सव्वीस वर्षांचा, भांग नीट पाडलेला, डोळे सुजलेले. विमानाशी बोलायचं आणि फोन उचलायचा, दोन्ही त्याचंच काम.

"जयभीम ताई," तो म्हणाला.

"जयभीम. बुधवारी काय झालं?"

धम्मदीपने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "सदर दिवशी सर्व सेवा नियमानुसार उपलब्ध होत्या, तथापि पूर्वसूचना अपुरी असल्याने विमानास नम्रपणे पर्यायी विमानतळ सुचवण्यात आला."

"फोन किती वाजता आला?"

"सदर दिवशी सर्व सेवा..."

"ते झालं."

त्यानंतर हरित अधिकारी मनस्विनी आली. धुराचा सगळा हिशेब हिच्याकडे. बोलायला चटपटीत, हातात हिरवी फाइल, ओढणीही हिरवी. तिनेही भिंतीकडे पाहिलं. "सदर दिवशी सर्व सेवा नियमानुसार उपलब्ध होत्या, तथापि..."

माळ्यानेही तेच सांगितलं. तथापि हा शब्द माळ्याने त्या दिवसाआधी आयुष्यात कधी वापरला नसावा, पण त्याने तो जागेवर वापरला.

प्रियदर्शनीने पेन खाली ठेवलं. खोटं बोलणारी माणसं तिने नोकरीत पुष्कळ पाहिली होती. प्रत्येकाचं खोटं थोडं वेगळं असतं, शिवणीत कुठेतरी उसवतं. हे कुठेच उसवत नव्हतं. हे पाठ केलेलं होतं.

तेवढ्यात दारात खाकी टोपी हातात धरून एक म्हातारा उभा राहिला. आगीच्या बंबाचा चालक ग्यानोबा. खाली बसायच्या आधीच त्याने बोलायला सुरुवात केली.

"सदर दिवशी सर्व शेवा... सर्व शेवा..." तो थांबला. कपाळ पुसलं. "फुडचं इसरलो मॅडम."

३

"मग पाठ केलेलं राहू द्या काका," प्रियदर्शनी म्हणाली. "काय झालं तेवढंच सांगा."

"ते सांगायचं न्हाई म्हणलेत."

"कोण?"

"ते बी सांगायचं न्हाई म्हणलेत."

तिने विषय बदलला. "तुमचा बंब उघड्यावर का उभा असतो? एवढं मोठं शेड आहे की."

ग्यानोबाचा चेहरा जरा सैल पडला. "भूकंपात मी सास्तूरकडं व्हतो. गाडी व्हती, डायवर व्हता, पर गाडी शेडाखाली अन् शेड गाडीवर. सकाळधरनं नुसत्या हातानी माती उकरली. तवापासून मी गाडी छताखाली लावत न्हाई. साहेब रागावतेत, उन्हानं रंग जातोय म्हणतेत. जाऊ द्या की रंग."

प्रियदर्शनी बाहेर जाऊन बंब बघून आली. रंग खरोखरच गेला होता. तिथून दोन जाड चाकांचे माग गवत चिरडत निघाले होते. पक्क्या रस्त्याने वळसा न घेता ते सरळ धावपट्टीच्या कडेला जाऊन थांबले होते. गवत अजून पुरतं उठलं नव्हतं.

ती परत आली. "काका, बुधवारी तुम्ही बंब घेऊन धावपट्टीवर गेला होतात."

ग्यानोबाने टोपी दोनदा फिरवली.

"हाव."

"किती वाजता?"

"घड्याळ काढून घेतलं व्हतं. फोन बी टोपलीत. इमानाचा आवाज आला अन् मी पळालो. मागून वरडत व्हते, जागा सोडू नका म्हणून. मी बंब नेऊन हुबा केला, नळी सोडली, सगळं तयार. इमान डोक्यावरून गेलं. मी हात केला. एकडाव गेलं, दुसऱ्यांदा गेलं. मग गेलंच की."

म्हणजे अग्निशमन तयार होतं. विमानाला ते वरून दिसलंही असणार. तरीही कोणीतरी रेडिओवर नाही म्हणालं होतं.

"तुमचं घड्याळ कोणी काढून घेतलं?"

ग्यानोबा उठला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "मॅडम, त्या रेडिओच्या खोलीची खिडकी बघा. इमानतळावर एकच खिडकी धावपट्टीकडं उघडती. ती बघा म्हंजे झालं."

४

खिडकीवर आतून वर्तमानपत्राचे तुकडे चिकटलेले होते. मधला कागद काढला होता, कडेचे तुकडे राहिले होते. विमानतळावरच्या रेडिओवाल्याला विमान दिसू नये, अशी तजवीज कोणीतरी मुद्दाम केली होती.

भिंतीवर घड्याळ होतं, टेबलाखाली वेताची टोपली. टोपलीत कागदाचे अकरा कप्पे, प्रत्येकावर क्रमांक. शून्य एक, शून्य दोन, ते अकरापर्यंत.

प्रियदर्शनी त्या टोपलीकडे बराच वेळ बघत राहिली. अशी टोपली तिने पाहिली होती. किनवटच्या आश्रमशाळेतून दहावी झाल्यावर बाबांनी तिला बारावीसाठी लातूरला ठेवलं, तेव्हा दर रविवारी तिचा मनगटी घड्याळाचा कप्पा होता दोनशे चौदा. क्लासच्या खिडक्यांनाही असेच कागद लावलेले असायचे, बाहेरून कोणी उत्तरं सांगू नयेत म्हणून.

ती व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये गेली. श्रीपाद देवणीकर विमानतळावर येण्याआधी लातुरात अठरा वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते. अजूनही त्यांच्या खिशाला लाल पेन असे.

"सर, तुम्ही इथे सराव परीक्षा घेता."

देवणीकर दचकले नाहीत. उलट सुखावले. "तुम्ही लातूरच्या का?"

"दोन वर्षं."

"तरीच. बघा मॅडम, मागच्या तपासणीत आम्हाला एकसष्ट गुण पडले. तुम्हीच दिलेत. शेरा काय, तर कर्मचाऱ्यांना नियम ठाऊक नाहीत. मी म्हटलं, पोरं हुशार आहेत, सराव नाही. दर बुधवारी चार ते पाच या वेळात पेपर. मी इथून फोन करून प्रसंग देतो, हातातल्या रेडिओवरून वैमानिकही होतो. धम्मदीपने उत्तर खऱ्या रजिस्टरात लिहायचं, बाकीच्यांनी सुट्या कागदावर, म्हणजे हात बसतो. मग पान काढून घ्यायचं."

"आणि त्या बुधवारचं पान?"

आता मात्र ते दचकले. लाल पेन खिशातून काढून त्यांनी पुन्हा खिशात ठेवलं.

"जाळलं," ते म्हणाले.

त्यांच्यामागे मनस्विनी उभी होती. जाळलं या शब्दासरशी तिचा हात आपोआप हिरव्या फाइलकडे गेला. रोज कार्बन मोजणारी मुलगी ती. आवारात काहीही जळलं तर तिला त्याची नोंद करावी लागे. तिने फाइल उघडली, बुधवारची ओळ पाहिली आणि हळूच म्हणाली, "सर, त्या दिवशी काही जळालेलं नाही."

५

पेपर जाळत नाहीत, तपासतात. प्रियदर्शनीने एवढंच विचारलं, कुठे तपासतात. मनस्विनीने लातूरच्या एका क्लासचा पत्ता दिला. क्लास देवणीकरांच्या भावाचा. बुधवारी पाच वाजता गठ्ठा दुधाच्या गाडीने जाई आणि तिथल्या पोरांच्या बाराशे पेपरांबरोबर तपासून शनिवारी परत येई. त्या बुधवारी विमान का गेलं हे कोणाला कळायच्या आधीच गठ्ठा उदगीर ओलांडून गेला होता, आणि तो अजून परत आला नव्हता.

लातूरला तपासणारा मुलगा बी.एस्सी.ला होता. उष्मागतिकीच्या गठ्ठ्याखालून त्याने बोरमाळचा गठ्ठा काढला.

"मॅडम, हे पेपर मला जरा विचित्रच वाटायलेत," तो म्हणाला. "पर आदर्श उत्तरं सोबत असतेत. जुळवायचं अन् गुण द्यायचे."

सर्वांत वर क्रमांक शून्य चार होता, ग्यानोबा. कागद कोरा. तिरक्या लाल अक्षरात शेरा: परीक्षा केंद्र सोडले. दहापैकी शून्य.

त्याखाली धम्मदीप, रजिस्टरातलं पान. सुरेख अक्षर, समास सोडलेला. प्रश्न पहिला, वेळ चार वाजून अकरा मिनिटे, एका महिलेचा फोन, आईसाठी विमान येत आहे. उत्तर: महिलेला धीर दिला; पेपरात धरल्याप्रमाणे महिन्याची कार्बन मर्यादा संपत आल्याने विमान आल्यास नांदेड अथवा लातूर विमानतळ सुचवावा. प्रश्न दुसरा, वेळ चार अठ्ठेचाळीस, वैमानिक उतरण्याची परवानगी मागतो. उत्तर: वरीलप्रमाणे.

दहापैकी दहा. खाली लिहिलं होतं, वेळेची नोंद उत्तम, शाब्बास.

प्रियदर्शनी क्लासच्या बाकावर बसली. त्या बाकावर कोणीतरी कर्कटकाने कोरलं होतं, आई मी पास होणार.

६

"खुनी कोण, असं तुम्ही विचाराल," प्रियदर्शनी केबिनमध्ये म्हणाली. समोर चौघं बसले होते. देवणीकरांनी काहीच विचारलं नव्हतं.

"चार अकराला महानंदाबाईंचा फोन आला. सर, तुम्ही फोन करणार होता सव्वाचारला."

"लाइन व्यस्त लागली," देवणीकर म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. "मी थांबलो. दार लावून आवाज तयार करत होतो. विमान ऐकू आलं तेव्हा बाहेर आलो, तोवर ते वळलं होतं."

"कसला आवाज?"

उत्तर धम्मदीपने दिलं.

"मागल्या बुधवारी सरांनी रडणारी म्हातारी केली होती ताई. त्याच्या आधी मंत्र्याचा पीए. सर एकांकिकेत काम करायचे. या वेळी रडणारी बाई आली." त्याने भिंतीकडे पाहिलं. "मला वाटलं, आज सरांनी लईच मनावर घेतलंय, विमानाचा आवाजसुद्धा लावलाय."

पंखा फिरत होता. ग्यानोबा टोपी फिरवत होता.

"पण नियमात तर रुग्णाच्या विमानाला सूट आहे," प्रियदर्शनी म्हणाली. "कार्बनची मर्यादा त्याला लागूच नाही. मनस्विनी, नियमावली दोनशे बारा पानांची. तू सगळ्यांसाठी काढलेल्या नोट्स चाळीस पानांच्या. त्यात लोकसेवेचं प्रकरण कुठे आहे?"

मनस्विनीने नोट्स पुढे केल्या. अनुक्रमणिकेत शेवटच्या प्रकरणावर पेन्सिलीने फुली मारली होती. शेजारी लिहिलं होतं, ऑप्शनला.

लातुरात शिकलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. वेळ थोडा, अभ्यास फार. मग ज्या धड्याला गुण कमी, तो सोडून द्यायचा. सगळे सोडतात. प्रियदर्शनीने स्वतः प्रकाशाचं अपवर्तन सोडलं होतं आणि आजतागायत तिचं काही अडलं नव्हतं.

"का सोडलंस?"

"तपासणीत त्याला पाचच गुण आहेत मॅडम," मनस्विनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "धुराला पंच्याण्णव. पाच गुणांसाठी बावीस पानं कोण वाचणार?"

इथवर प्रियदर्शनीचा तपास चोख झाला होता. पुढचा एकच दुवा राहिला होता आणि तो चौघांपैकी कोणालाच माहीत नव्हता.

तपासणीचा तक्ता तिने केला होता. दोन वर्षांपूर्वी, नांदेडला, एका शुक्रवारी दुपारी. धुराचे मुद्दे लिहून झाले, बेरीज केली, पंच्याण्णव आली. तक्ता शंभराचा हवा होता. लोकसेवेची अट आठवली, तशी उरलेले पाच तिथे लिहिले. बेरीज शंभर व्हावी म्हणून. मग दौत बंद करावी तसं संगणक बंद करून ती घरी गेली होती. त्या दिवशी घरी मटण होतं.

तिने हे चौघांना सांगितलं. मटणाचंही सांगितलं.

ग्यानोबा म्हणाला, "मला परीक्षेत कदी काई कळलंच न्हाई बघा. म्हणून मला वाटलं, खरंच हाय."

अहवालात जबाबदार व्यक्तींच्या रकान्यात प्रियदर्शनीने पहिलं नाव स्वतःचं लिहिलं, दुसरं देवणीकरांचं. सरावाच्या नावाखाली खरा फोन अडवणं आणि नंतर पत्रात चार चाळीस लिहून सर्वांकडून खोटा जबाब पाठ करून घेणं, असे दोन दोष त्यांच्यापुढे मांडले. देवणीकरांनी वाचून सही केली. सवयीने त्यांचा हात लाल पेनाकडे गेला होता. त्यांनी तो मागे घेतला आणि तिच्याकडून निळं पेन मागून घेतलं.

७

महानंदाने पान दोन्ही हातांनी धरलं. बाकीचं काही न वाचता तिने बोट वेळेवर ठेवलं.

"चार अकरा."

"हो."

"डाक्टर चारला बोलले. म्हंजे अकरा मिनटं." तिने बोट तसंच ठेवलं. "निऱ्या दोनदा सुटल्या व्हत्या तिच्या. तरी अकराच मिनटं."

"तुम्ही वेळेत कळवलं होतं. अर्ध्या तासाच्या वर सात मिनिटं हातात होती. चूक आमच्याकडे झाली. माझ्याकडेही." प्रियदर्शनीने तक्त्याचं सगळं सांगितलं. पाच गुणांपर्यंत सांगितलं.

महानंदाने ते ऐकून घेतलं. रागावली नाही, आणि माफ केलं असंही काही म्हणाली नाही. ती आत गेली, पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला आणि पुन्हा पान घेऊन बसली.

"फोनवर जो व्हता, त्याचं हे अक्षर का?"

"हो. धम्मदीप नाव त्याचं. बाहेर जीपमध्ये बसलाय. आत यायचं धाडस होत नाही म्हणाला."

"पोरगं चांगलंय ते," महानंदा म्हणाली. "मला रडू आवरत नव्हतं. तर म्हणला, ताई, घाबरू नका, पाणी प्या, आईचं नाव सांगा. लई मायेनं बोलला. त्या दिवसात तेवढं एकच माणूस माझ्याशी मायेनं बोललं बघा. बोलवा त्याला आत."

प्रियदर्शनी उठली. आदर्श उत्तरांचा कागद तिच्या पिशवीत होता. त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: धीर देणारी, आपुलकीची भाषा, दोन गुण.

तिने पिशवीची चेन लावली आणि धम्मदीपला हाक मारायला बाहेर गेली.